रेनो सॉसिएचे वीस अर्ज

१

जूनच्या दुसऱ्या शनिवारी भर दुपारी, शाळेच्या व्यायामशाळेत चारशे माणसांसमोर, वीस वर्षांपूर्वी नाहीशा झालेल्या माणसाचं नाव माइकवरून पुकारलं गेलं.

"रेनो सॉसिए, लॉरल गॅप, पेन्सिल्व्हेनिया. चौथा विभाग, नर, ऑक्टोबरचा पहिला आठवडा."

मी मागच्या भिंतीला टेकून उभा होतो. पहिल्या रांगेत रेनोची आई, अल्मामावशी, वय वर्षं शहाऐंशी, काठी टाकून उभी राहिली आणि टाळ्या वाजवायला लागली. तिच्या शेजारी तिचा धाकटा मुलगा लिओनेल बसला होता, तो मान खाली घालून बुटांकडे बघत राहिला. तीन रांगा मागे रेनोची एके काळची बायको डोरीन आणि तिचा आताचा नवरा कोल्बी स्प्रेग होते, त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एवढं मी टिपलं. बाकी गाव टाळ्या पिटत होतं, कारण पळून गेलेला का होईना, पोरगा आपल्या गावचा.

मी आर्मान व्हायोलेट, वॉर्डन-तपासनीस. म्हणजे जंगलात होणाऱ्या गुन्ह्यांचा पोलीस. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या उत्तर टोकाला, ग्रांब्वा गावात माझी चौतीस वर्षं गेली. मी गोड बोलणारा माणूस नाही, आणि या प्रकरणात तर मला स्वतःशीही गोड बोलता येणार नाही. ते पुढे कळेलच.

मूस हे घोड्याहून उंच, फावड्यासारख्या शिंगांचं जनावर. एक मारलं की घराला वर्षभर मांस पुरतं. पण ते मारायचं तर सोडतीत परवाना लागावा लागतो, आणि त्या शनिवारी तीच सोडत होती. साठ-सत्तर हजार अर्ज, परवाने जेमतेम चार हजार. त्यातही बाहेरच्या राज्यातल्यांच्या वाट्याला शंभरात आठ. माणसं तरुणपणी अर्ज भरायला लागतात आणि म्हातारपणी नाव लागतं. दर वर्षी हात हलवत परत आलात की पॉइंट मिळतात, म्हणजे पुढच्या खेपेला सोडतीत तुमचं नाव जास्त वेळा. सोळाव्या वर्षापासून तर एकदम दहा-दहा. मात्र लागोपाठ दोन वर्षं अर्ज चुकला की सगळे पॉइंट बुडाले. त्यामुळे आमच्याकडचा माणूस लग्नाची तारीख विसरेल, अर्जाची विसरणार नाही.

रेनोचं प्रकरण असं. ऑक्टोबर २००४ मध्ये लिओनेलला परवाना लागला. बरोबर एक दुसरा नेमबाज नेता येतो, त्याने मोठ्या भावाचं नाव दिलं. आठवड्याच्या शेवटी लिओनेल एकटाच परत आला. म्हणाला, गुरुवारी आमची वादावादी झाली, रेनो आपली गाडी घेऊन तडक निघून गेला. तीन आठवड्यांनी रेनोची गाडी बँगोरच्या बसस्टँडबाहेर सापडली. लिओनेलने दाखवलेल्या तळाभोवती मी कुत्री घेऊन आठ दिवस जंगल पिंजून काढलं होतं. हाती काही लागलं नाही. रेनोचं बायकोशी पटत नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी मला शंका होती आणि ती कोल्बीवर होती, कारण कोल्बीचं डोरीनकडे येणंजाणं तेव्हापासूनच होतं.

मग मे २००५ मध्ये रेनोच्या नावाने मूसचा अर्ज आला. बाहेरच्या राज्यातला म्हणून. पत्ता ब्लू हेमलॉक मोटेल, खोली नऊ, लॉरल गॅप, पेन्सिल्व्हेनिया. मेलेला माणूस अर्ज करत नाही, असं मी तेव्हा मोठ्या रुबाबात बोललो आणि फाइल बंद केली. त्या मोटेलला साधा एक फोन केला नाही. दुसऱ्याच्या नावाने मूसचा अर्ज कोण कशाला भरेल, असा माझा सवाल होता, आणि या गावात कुणालाही तो बरोबरच वाटला असता.

मावशीला मी एवढंच सांगितलं की सरकारी कागद आहे, तुझा मुलगा जिवंत आहे, कागद कसला ते विचारू नकोस. नियम होता म्हणून लपवलं, असं नाही. भाव खायला लपवलं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात रेनोच्या परवान्याचं पाकीट परत आलं. वर शिक्का होता, असा पत्ता अस्तित्वात नाही. मी लॉरल गॅपच्या पोस्टात फोन लावला. तिथली बाई म्हणाली की ते मोटेल जाऊन जमाना झाला, तिथे टायरचं दुकान आहे. तिला दुसरं गिऱ्हाईक होतं, मी फोन ठेवला.

वीस वर्षं, वीस अर्ज, सगळ्यांवर तोच पत्ता. मग ते भरत कोण होतं?

२

अल्मामावशीच्या घरी गेलो तेव्हा दाराशी रेनोचे शिकारीचे बूट ठेवले होते. नुकतं तेल चोळून चकचकीत केलेले.

ती कुट्टूच्या पिठाचे प्लोय करत होती. आमच्याकडे पाहुणा आला की हे जाड, जाळीदार धिरडं लोण्याबरोबर समोर येतं, भूक असो नसो. मी हात धुवायला मोरीत गेलो. तिथे काचेच्या वाडग्यात मोटेलांचे छोटे छोटे साबण होते, कागदासकट, पिवळे पडलेले. एकावर लाल घोडा, एकावर निळं झाड, एकावर नुसतीच अक्षरं. मी विचारलं तर म्हणाली की लिओनेल पूर्वी बटाट्याचा ट्रक घेऊन दक्षिणेला वेफर्सच्या कारखान्यांत जायचा, दर खेपेला तिच्यासाठी एक आणायचा. वापरायला जीव होत नाही. रेनो गेला त्या हिवाळ्यात लिओनेलने ट्रक सोडला आणि तो आईजवळ राहायला आला, तो आजतागायत.

तिचं हृदय थकलंय. डॉक्टर तिला पुढच्या हिवाळ्याबद्दल काही बोलत नाहीत, आणि तिला त्याचा अर्थ कळतो. तिला फक्त ऑक्टोबर गाठायचा होता. रेनोचं नाव लागलंय, म्हणजे तो येणार. हाती आलेला परवाना कुणी सोडत नाही. आईसाठी आला नाही तो मूससाठी येईल, असं ती हसत म्हणाली, आणि मला तिच्याकडे बघवेना.

पाकीट परत आल्याचं मी बोललो नाही. रेनो तिला कधी पत्र लिहायचा का, असं विचारलं. ती उठून तव्याकडे गेली.

"तूच म्हणाला होतास ना, कागद आहे म्हणून," ती पाठमोरी म्हणाली. "मग मला कशाला विचारतोस?"

मावशी कधी कुणाला उत्तर द्यायचं टाळत नाही. त्या दिवशी तिने टाळलं. मी प्लोय खाल्ले आणि निघालो. बाहेर लिओनेल लाकडं फोडत होता. परवाना लागलेल्या माणसाने दुसरा नेमबाज म्हणून तुझं नाव दिलंय, हे मी त्याला सांगितलं. त्याने कुऱ्हाड ओंडक्यात तशीच ठेवली आणि घरात गेला.

३

कोल्बी स्प्रेग बाहेरच्या शिकाऱ्यांना जंगलात नेतो. धंदा जोरात आहे. माणूस तोंडाळ, पण आपल्या कामात पक्का. मी त्याच्या अंगणात गाडी लावली तेव्हा तो डोरीनला हाक मारून म्हणाला, "आला बघ, वीस वर्षं उशिरा."

त्याला अडकवायला माझ्याकडे कारण होतं. २००६ मध्ये डोरीनने घटस्फोट घेतला. नवरा सोडून गेलाय, पेन्सिल्व्हेनियात राहतो, याचा पुरावा म्हणून कोर्टात दाखवला होता रेनोचा तो पहिला अर्ज. मीच त्याची नक्कल दिली होती. म्हणजे त्या अर्जाचा सगळ्यात मोठा फायदा या दोघांना झाला. मी हे तोंडावर बोललो. डोरीन लाल झाली, पण कोल्बी खुर्चीवर मागे रेलला.

"किती चिठ्ठ्या घेतल्यात त्याने दर वर्षी?"

मी म्हटलं, एक.

तो मोठ्याने हसला. बाहेरचा माणूस सोडतीच्या हव्या तितक्या चिठ्ठ्या विकत घेऊ शकतो. त्याची गिऱ्हाइकं दहाच्या गठ्ठ्याने घेतात, पन्नास घेतात. एकच घ्यायची अट फक्त इथल्या रहिवाशाला. "जन्मभर इथला फॉर्म बघितलेल्या माणसाने भरलाय तो, साहेब. आणि माझा धंदाच बाहेरच्यांचे फॉर्म भरण्याचा आहे. मी भरला असता तर एवढा अडाणीपणा केला असता का?"

मला हे आवडलं नाही, पण खरं होतं. वीस वर्षं ते कागद माझ्या टेबलाच्या खणात होते आणि मला हे दिसलं नव्हतं.

डोरीन इतका वेळ दारात उभी होती. तिने अर्जाची नक्कल हातात घेतली, बऱ्याच वेळाने बोट एका रकान्यावर ठेवलं. नराचा परवाना संपला असेल तर मादीचा चालेल का, असं तिथे विचारतात. हो, असं लिहिलं होतं.

"हे कोर्टात नीट वाचलं नाही मी तेव्हा," ती म्हणाली. "मला सुटायचं होतं. रेनो मेला असता पण मादीला हो म्हणाला नसता. त्याच्या बापानं कधी मादी मारली नाही म्हणून हा मारणार नव्हता. यावरून आमच्यात जेवणं टाकून भांडणं झालीत."

मग तिने कागद उलटा ठेवला आणि विचारलं की तो मेलाय ना. मी कागदाची घडी घातली. ती आत गेली आणि बराच वेळ नळ चालू राहिला. वीस वर्षं तिने त्याला पळपुटा म्हणून शिव्या घातल्या होत्या, सगळ्या गावासमोर.

४

दुसऱ्या दिवशी वीसच्या वीस अर्ज मी टेबलावर मांडले. शेवटची तारीख मेच्या मध्यावर असते. लोक त्या आठवड्यात गर्दी करतात. हे सगळे अर्ज तीन मेला भरलेले. एकही चुकला नव्हता. तीन मे कसली तारीख, म्हणून मी जुनी फाइल उघडली. रेनोचा वाढदिवस.

आता मी बसून, खरंच बसून, विचार केला. तो मला २००५ मध्येच करायला हवा होता.

समजा रेनोला कुणी मारलं. आणि त्यानेच त्याला कागदावर जिवंत ठेवायला हे अर्ज भरले. अशा माणसाला सगळ्यात मोठी भीती कशाची? नाव लागण्याची. नाव लागलं की माणूस हजर व्हावा लागतो. तो कमी परवान्यांचा विभाग निवडेल, मादीला नाही म्हणेल, आणि काम झाल्यावर दोन वर्षांत अर्ज बंद करेल. घटस्फोट २००६ मध्ये झाला, फाइल त्याआधीच बंद होती. पुढची अठरा वर्षं कशासाठी?

इथे उलटंच होतं. सगळ्यात जास्त परवान्यांचा चौथा विभाग, सगळे आठवडे चालतील, नर नसेल तर मादी चालेल, पॉइंट एकदाही बुडू दिले नाहीत. अर्ज भरणाऱ्याला नाव लागायलाच हवं होतं. म्हणजे त्याच्या लेखी रेनो जिवंत होता आणि एक दिवस परत येणार होता. आणि तीन मे ही तारीख खुनी माणूस पाळत नाही.

मी गावच्या वाचनालयात गेलो. तिथे एकच कॉम्प्युटर आहे आणि म्हाताऱ्या माणसांचे फॉर्म ग्रंथपाल बाई भरून देते. मी काही विचारायच्या आत तिने चष्मा काढला आणि रडायला लागली. तिला वाटत होतं की मी तिला धरायला आलोय. अल्मामावशी दर तीन मेला यायची, कोट घालून, सगळं एका कागदावर लिहून आणायची. कुणाला सांगू नकोस म्हणायची.

मी तिथूनच मावशीकडे गेलो. लिओनेल घरी नव्हता. या वेळी तिने तव्याकडे पाठ फिरवली नाही.

"दुसऱ्याच्या नावाने भरणं गुन्हा आहे, माहीत आहे मला," ती म्हणाली. "धर मला. पण त्याचे पॉइंट बुडाले असते, आर्मान. तो परत आला असता आणि त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागली असती. पोरगा आधीच घर सोडून गेलेला, तेवढं तरी त्याचं राखून ठेवावं ना."

मादीला हो का लिहिलंस, असं मी विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"घरात खायला होईल ना."

मी मनात हिशोब मांडला. २००५ मध्ये मावशीने अर्ज भरला. तो बघून मी ठरवलं की रेनो जिवंत आहे. मी तिला तसं सांगितलं. माझ्या सांगण्यावर विसंबून ती पुढची एकोणीस वर्षं अर्ज भरत राहिली, आणि प्रत्येक वर्षी तो बघून मी निर्धास्त. माझा पुरावा ती होती आणि तिचा पुरावा मी. मधे रेनो कुठेच नव्हता.

एकच प्रश्न उरला होता. बाहेरच्या राज्यातला म्हणून भरायचं, आणि हा पत्ता घालायचा, हे तिला कुणी सांगितलं?

"लिओनेलने," ती सहज म्हणाली. "त्या ईस्टरला रेनोचा फोन आला होता त्याला. मी जेवत नव्हते तेव्हा. बरा आहे म्हणाला, या मोटेलात राहतो म्हणाला, आईला सांग, पण पत्र पाठवू नको म्हणाला. मी लगेच पत्ता लिहून घेतला."

मी मोरीत जाऊन वाडग्यातला निळ्या झाडाचा साबण उचलला. कागदावर झाडाखाली बारीक अक्षरं होती. ब्लू हेमलॉक मोटेल, लॉरल गॅप.

५

या वेळी मी लॉरल गॅपच्या अग्निशमन केंद्राला फोन केला आणि ठेवला नाही. त्यांना रजिस्टर शोधायला वीस मिनिटं लागली. ब्लू हेमलॉक मोटेल अकरा डिसेंबर २००४ ला मुळापासून जळालं. नंतर बांधलं नाही.

२००५ चा ईस्टर मार्चच्या अखेरीस होता. ज्या मोटेलातून रेनोचा फोन आला म्हणे, त्याची तोवर साडेतीन महिन्यांची राख झालेली होती. लिओनेलने ट्रक नोव्हेंबरात सोडला होता. त्याला ते कळलं नसणार. आईने पत्ता मागितला आणि त्याच्या तोंडात आलं ते जुन्या मुक्कामाचं नाव.

अजून एक गोष्ट मी त्या दिवशी तपासली. लिओनेल सॉसिएने २००४ नंतर मूससाठी एकदाही अर्ज केला नव्हता. आमच्या गावात आंधळा माणूससुद्धा अर्ज करतो.

तो मला त्याच्या कामावर, लाकडाच्या गिरणीच्या आवारात भेटला. मी गाडीचं दार उघडलं, तो येऊन बसला. मी साबण डॅशबोर्डवर ठेवला. तो त्याच्याकडे बघत राहिला. मी डिसेंबरची तारीख सांगितली. मी गाडी सुरू केली.

मग तो म्हणाला की तळ मी तुला चुकीचा दाखवला होता, डावीकडे घे.

चाळीस मैल कच्चा रस्ता आहे. तो पूर्ण वेळ बोलत होता, मी ऐकत होतो. गुरुवारी दिवस मावळायच्या सुमाराला दोघं ओढ्याच्या दोन बाजूंना बसले होते. आठवडा संपत आलेला, एक मूस दिसला नव्हता. आमच्याकडे बर्चच्या सालीचं भोंगं करतात, त्यातून मादीचा आवाज काढला की नर येतो. लिओनेल भोंगं वाजवत होता. झुडपातून नराचा घोगरा हुंकार आला, फांद्या मोडल्या. त्याने वाट पाहिली, हुंकार पुन्हा आला, अगदी जवळ. त्याने गोळी झाडली. रेनोला असा नराचा आवाज काढून चाळे करायची सवय होती. लहानपणापासून.

"तासभर जिवंत होता तो," लिओनेल म्हणाला. "मी उचलून गाडीपर्यंत न्यायला बघितलं, त्याला सोसेना. म्हणाला, आईला सांगू नको. मी नाही सांगितलं."

रेनो खरंच तसं म्हणाला, की वीस वर्षांत याने ते मनाशी रचलं, देव जाणे. मी विचारलं नाही. दिसल्याशिवाय गोळी झाडली, त्याला तेव्हा फार तर दोन-तीन वर्षांची कैद झाली असती. त्याने भावाला पुरलं, गाडी बँगोरला नेऊन ठेवली, ओळखीच्या ट्रकवाल्याबरोबर परत आला आणि आईसमोर बसून जेवला.

"एक सांगू?" तो म्हणाला. "तू आईला म्हणालास कागद आहे, रेनो जिवंत आहे. मला एकट्याला माहीत होतं की तो नाही. म्हणजे कुणालातरी सगळं माहीत होतं आणि तो माणूस मुद्दाम कागद पाठवत होता. वीस वर्षं गावात कुणी माझ्याकडे बघितलं तरी मला वाटायचं, हाच तो. कोण होता तो, आर्मान?"

मी त्याला सांगितलं. तो ओणवा झाला आणि डोकं गुडघ्यांत घातलं. पुढची सहा मैलं तो तसाच होता. मग त्याने मान वर न करता हात पुढे केला आणि म्हणाला, इथे थांब.

ओढ्याकाठी दगडांचा एक ढीग होता, शेवाळलेला, पण कडेचे दगड नवे होते. तो दर वर्षी यायचा.

६

मावशीला सांगायला मी एकटा गेलो. पाद्रीबाबा येतो म्हणाले होते, त्यांना नको म्हटलं. हे काम माझं होतं.

ती खिडकीशी बसली होती. मी सगळं सांगितलं, ओढा, गोळी, दगड, सगळं. तिने मधे एकदाही थांबवलं नाही. रडली नाही. शाल पदरासारखी हातांभोवती गुंडाळून बसली. लिओनेल कुठे आहे असं विचारलं, मी सांगितलं, कोठडीत. तो जेवला का, असं विचारलं. मला माहीत नव्हतं.

मग ती बराच वेळ दाराजवळच्या बुटांकडे बघत होती.

"तुझा तो सरकारी कागद," ती म्हणाली. "तो मी भरलेला अर्जच होता का?"

मी गाडीत येताना ठरवलं होतं की हे तिला सांगायचं नाही. ती विचारणारच नाही असं मला वाटलं होतं. शहाऐंशी वर्षांची, हृदय थकलेली बाई, तिला एवढं तरी वाचवावं. पण याच घरात, याच खुर्चीवर बसून मी एकदा कागद लपवला होता.

"हो, मावशी."

"मग मला विचारलं का नाहीस? एवढंच विचारायचं होतं. अल्मा, हा तू भरलास का? मी हो म्हणाले असते."

तिने मला जा म्हणून सांगितलं. मी दाराशी पोचलो तेव्हा म्हणाली की बूट घेऊन जा, त्याला घाला. आम्ही नोव्हेंबरात, जमीन गोठायच्या आत, रेनोला गावच्या दफनभूमीत पुरलं. बूट पेटीत ठेवले. डोरीन आली होती, कोल्बीला बाहेर गाडीत ठेवून. लिओनेलला सात वर्षांची कैद झाली. शिकारीचा परवाना जन्मभरासाठी गेला. मी डिसेंबरात निवृत्त झालो, निरोपसमारंभाला गेलो नाही.

डॉक्टर ज्या हिवाळ्याबद्दल बोलत नव्हते, तो अल्मामावशीने काढला. एकटीने. शेजारपाजारचे लाकडं टाकून यायचे. मीही जायचो, पण ती दार उघडायची नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात वाचनालयातून फोन आला. ग्रंथपाल बाई होती. मावशी आलीय, कोट घालून, कागदावर लिहून आणलंय. आज लिओनेलचा वाढदिवस आहे. त्याला जन्मभर बंदी आहे हे मी सांगितलं, ऐकत नाही. तुम्ही या.

मी गेलो. ती कॉम्प्युटरसमोर बसली होती, काठी मांडीवर आडवी. तिने माझ्याकडे पाहिलं आणि शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलून घेतली. मी बसलो. तिच्या कागदावर लिओनेलचं नाव, जन्मतारीख, आणि पत्ता म्हणून तुरुंगाचा पत्ता होता. राज्यातलाच.

"मावशी, हा अर्ज फेटाळतील," मी म्हटलं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "भर तू."

मी भरायला घेतला. विभाग चौथा, आठवडे सगळे. मग दुसऱ्या नेमबाजाचा रकाना आला. वीस वर्षं तिने तिथे एकच नाव लिहिलं होतं. तिने आपला कागद उलटसुलट करून पाहिला. तिथे तिने काही लिहून आणलं नव्हतं. ती पडद्याकडे बघत राहिली.

मी त्या रकान्यात माझं नाव घातलं. तिने वाचलं आणि आपला कागद घडी घालून पिशवीत ठेवला.

पुढे विचारलं होतं, नर नसेल तर मादी चालेल का. मी तिच्याकडे वळून बघितलं.

"हो लिही," अल्मामावशी म्हणाली. "घरात खायला होईल."